बाबांचं मुहूर्ताचं घड्याळ

लोहारा, यवतमाळ
१४ नोव्हेंबर २०२४

चि. अभिषेक यास,
शीलाताईचे अनेक आशीर्वाद.

पुण्यात तुम्ही सगळे खुशाल असालच. मीही बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो विषय काढला की तू डॉक्टरांची नावं सांगतोस आणि फोन ठेवतोस, म्हणून तो इथेच संपवते. थंडी सुरू झाली आहे. एमआयडीसीच्या ट्रकांची धूळ अंगणात येते, सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं.

ताई पत्र लिहिते म्हणून हसशील. हसून घे. फोनवर तुला मधेच मीटिंग आठवते. पत्राचं तसं नाही, ते शेवटपर्यंत बोलतं.

विषय बाबांच्या घड्याळाचा आहे. बाबांच्या तेरवीची पानं उचलायच्या आधीच तू म्हणाला होतास, "बंद घड्याळ काय चाटायचंय ताई, विकून टाक." तेव्हा ते भंगार होतं. आता भैरवीचं लग्न ठरलं, व्याही तालेवार निघाले, आणि त्या भंगाराचा एकाएकी "घराण्याचा वारसा" झाला. शब्द तुझ्याच मेसेजमधला आहे. दुरुस्त करून कुरिअरनं पाठव, लेकीचा मुहूर्त आजोबांच्या घड्याळावर धरायचा आहे, फोटोवाल्यालाही सांगून ठेवलंय, वगैरे. त्याच्याच पाठोपाठ दिपालीचा मेसेज: "ताई, तुम्ही रिसेप्शनला आरामात या. सकाळच्या विधींची दगदग कशाला." तुझी बायको हुशार आहे. नवऱ्याचं घर सोडून आलेली बाई अंतरपाटाजवळ नको, हे तिनं माझ्या गुडघ्याच्या नावावर खपवलं. घड्याळ चालतं, मनगट चालत नाही. असो.

तुझा मेसेज वाचून पहिल्यांदा विकायचंच ठरवलं होतं. सोनाराकडे गेले. त्यानं घासून पाहिलं आणि म्हणाला, सोनं खरं आहे. खरं सांगू, मला वाईट वाटलं. तेही खोटं निघालं असतं तर आपल्या घराला शोभलं असतं. त्यानं तराजू पुढे ओढला, तशी मी घड्याळ उचललं आणि पर्समध्ये टाकलं. का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

तिथून घड्याळवाल्या विठ्ठलरावांकडे. त्यांच्या दुकानात आता घड्याळं कमी आणि मोबाईलची कव्हरं जास्त. भिंग डोळ्याला लावून त्यांनी मागचं झाकण उघडलं आणि लगेच तोंड वाकडं केलं.

"कायले खर्च करून राह्यल्या ताई? आतलं सारं काढतो अन् सेलवालं मशीन बसवून देतो. वरून सोन्याचं ते सोन्याचंच. कोणाले समजते?"

मी म्हटलं, "विठ्ठलराव, आमच्या घरात तीच रीत आहे, म्हणून तर नको. जुनंच चालू करा."

"मंग टाइम लागन. चावीचा दांडा झिजला हाय. लय ओढली कोणीतरी."

कोणीतरी!

तुझ्या व्याह्यांना तू काय काय सांगितलंस ते भैरवीकडून कळलं. आजोबा नामांकित वकील, समाजात त्यांच्या घड्याळाशिवाय लग्न लागत नसे. हे मात्र खरं आहे. पत्रिका छापायच्या आधी लोक बाबांची तारीख घ्यायला यायचे. गुरुजींच्या शेजारी बाबा डावा हात वर करून उभे राहायचे, बाही मागे सारून, म्हणजे सोनं शेवटच्या रांगेतल्यालाही दिसावं. तो हात खाली आला की बँड वाजायचा. आणि घरात? रेडिओवर बातम्या लागायच्या आणि बाबा मनगटाकडे बघून म्हणायचे, "आज रेडिओ पुढे आहे." आई मुकाट्यानं भिंतीवरचं घड्याळ मागे करायची. जिल्ह्यातला मोठा वकील, आणि सूर्यालाही तारीख देईल असा तोरा.

माझ्या लग्नाचं जाऊ दे. ते तुला माहीतच आहे.

नाही, जाऊ कशाला देऊ? तुला माहीत आहे, म्हणूनच लिहिते.

मी खोलीत गौरीहरापुढे बसले होते. बाहेर मांडव भरला होता आणि नवरदेवाची वरात चौकातच अडकली होती, मित्र नाचत होते आणि नवरदेव घोड्यावर बसून त्यांच्यावर नोटा ओवाळत होता. मुहूर्त टळून चालला होता. तेवढ्यात बाबा आत आले, तू त्यांच्या मागे, हातात अंतरपाटाची घडी. बाबांनी दार लोटलं, नखानं चावी ओढली आणि काटे मागे फिरवले. शांतपणे, अशिलाची सही घ्यावी तसे. तू विचारलंस, "बाबा, हे काय?" ते म्हणाले, "चूप बस. जाऊन मांडवात सांग, अजून वेळ आहे."

आणि तू जाऊन सांगितलंस. एकोणीस वर्षांचा घोडा होतास, कुक्कुलं बाळ नव्हतास.

मग जे झालं ते आठवून मला अजून किळस येते आणि हसूही येतं. बाबांचा हात वर झाला, आणि भरल्या मांडवात लोकांनी आपापली घड्याळं काढून मागे लावली! इंजिनिअर, मास्तर, तहसीलदार, सगळ्यांनी. गुरुजींनीसुद्धा. कमलाकरराव वकील, म्हणजे आपले बाबा, चुकतील असं एकाच्याही मनात आलं नाही. एवढ्या शहाण्या लोकांनी मिळून वेळ मागे ढकलली आणि वर अक्षता टाकल्या.

मुहूर्त टळला म्हणून माझा संसार मोडला असं मी म्हणत नाही. तो माणूस हात उचलायचा, म्हणून मोडला. तो घटकेवर आला असता तरी त्यानं मारलंच असतं. पण तुम्ही मुहूर्त मानणारे लोक ना? मी बॅग घेऊन परत आले तेव्हा बाबा ओट्यावर उभे होते. मला आत ये म्हणायच्या आधी म्हणाले, "मी मुहूर्त साधून दिला होता. खोट तुझ्यात आहे." तू तिथेच खुर्चीत पेपर वाचत होतास. मी तुझ्याकडे पाहिलं. खोलीतलं ते फक्त आपल्या तिघांना ठाऊक होतं. एक वाक्य पुरलं असतं, अभि. तू पान उलटलंस.

त्या एका वाक्याचं मला आयुष्यभर दुःख झालं. बाबांच्या नाही, तुझ्या. न बोललेल्या.

पुढे तुझ्या फ्लॅटमध्ये जागा कमी पडली आणि तेच बाबा खोट असलेल्या लेकीकडे लोहाऱ्याला राहायला आले. मी त्यांना जेवू घातलं, धुतलं, पुसलं. प्रेमानं केलं असं लिहिणार नाही. केलं. घड्याळ तोवर बंद पडलं होतं, तरी ते मनगटावर हवंच. जायच्या आधी त्यांनी ते स्वतः काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "चावी सैल झाली आहे. जपून." बस, एवढंच. एवढ्या मोठ्या वकिलाला माफीचा एक साधा शब्द सापडला नाही, दुरुस्तीची सूचना तेवढी सापडली. मी ते ठेवून घेतलं. रडलेही. तुला सांगायचं नव्हतं, पण आता लिहिलं गेलं आहे.

तर घड्याळ दुरुस्त झालं आहे. काल आणलं. भिंतीवरच्याबरोबर चालतं, रेडिओबरोबर चालतं. आयुष्यात पहिल्यांदा ते दुसऱ्या कुणाचं ऐकतं आहे. बंद घड्याळाकडून कुणालाही हवी ती वेळ वदवून घेता येते, म्हणून ते बंद ठेवायचं नव्हतं. विकणार नाही. कुरिअरनंही पाठवणार नाही.

भैरवीचा रविवारी फोन आला होता. तिला दिपालीच्या मेसेजचं कुठून तरी कळलं होतं, रागावली होती. म्हणाली, "आत्या, घड्याळ घेऊन तूच ये. माझ्याशेजारी उभी राहा. मुहूर्त तूच सांगायचा." मी म्हटलं, आधी या घड्याळाची गोष्ट ऐक, मग ठरव. आणि सगळी सांगितली, मी इथे लिहिली तशी. पोरीनं सगळी ऐकून घेतली. मग म्हणाली, "तरीही तूच ये." आणि थोड्या वेळानं, "पण आत्या, तू परत आलीस तेव्हा माझे बाबा काहीच का नाही बोलले?"

मी म्हटलं, ते तुझ्या बाबालाच विचार.

विचारेल ती. लग्नाआधी विचारेल, तुझ्या डोळ्यांत बघून, आणि तेव्हा तुझ्या हातात उलटायला पेपर नसेल. तयारीला वेळ मिळावा म्हणून हे पत्र. मला कुणी एवढीही सवड दिली नव्हती.

मी आदल्या दिवशी पोचते. हळदीची साडी घेतली आहे, पिवळीच. दिपालीला सांग, माझ्या गुडघ्याची काळजी करू नकोस. आणि तुझ्या त्या तालेवार व्याह्यांना आतापासून बजावून ठेव, की वरात वेळेवर आणा. चौकात नाचत बसलात तर मुहूर्त टळेल आणि तो टळला असं मी मांडवात, माइकवर सांगेन. चावीला हात लावणार नाही.

भैरवीला गोड पापा.

तू बोलशील म्हणून ओट्यावर उभी राहिलेली,
तुझी ताई