फुगवट्यावरचे रोहित

अण्णा, आज सकाळी जायकवाडी धरणाच्या फुगवट्यावर एकटीच जाऊन आले. पाणी बरंच मागं हटलंय. चिखलात रोहित पक्षी माना खाली घालून चरत होते. कॅमेरा उचलला आणि कोपरं आपोआप छातीला लागली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ती अजून तशीच लागतात.

शेवगावचा स्टुडिओ बंद केल्यावर तुम्ही घरात नुसते बसून असायचात. लोक मोबाईलवरच फोटो काढतात, अशी तक्रारसुद्धा केली नाहीत. बोलणंच बंद झालं होतं तुमचं. एका रविवारी मी सुप्याहून, नोकरीच्या गावाहून आले आणि म्हटलं, "अण्णा, मला उडते पक्षी टिपायचेत. चला, शिकवा." तुम्ही माळ्यावरून स्टुडिओतला जुना स्टँड काढलात आणि फडक्यानं पुसत बसलात.

मग त्याच पाण्याकाठी तुम्ही स्टँड रोवून त्यावर कॅमेरा बसवताय, मी म्हणतेय हातातच राहू द्या. "हातात धरून फोटू निघतो व्हय? समदं हलतंय." एवढ्यात थवा उठतो. पंखांखालचा लाल रंग एकदम उघडतो, थवा आपल्या डोक्यावरून वळतो, आणि तुम्ही स्टँडची मूठ सैल करेपर्यंत पार पलीकडे जातो. तुमचा चेहरा उतरला. आयुष्यभर समोरच्याला 'हलू नका' म्हणत आलात, इथं कोण ऐकणार? मला वाटलं, आता घरी चल म्हणाल. पण तुम्ही कॅमेरा सोडवून माझ्या हातात दिलात, मागं उभे राहून माझी कोपरं छातीला टेकवलीत. "श्वास सोड. कमरेतून फिर. त्याच्यासंगं जा, त्याला थांबवू नको." पुढच्या थव्याबरोबर मी फिरले, माझ्यामागं तुम्ही. सगळे फोटो हललेले निघाले. एकात तेवढा एका पक्ष्याचा डोळा स्पष्ट होता. "ह्यो लई भारी हाय," म्हणालात. आणि परतताना गाडीत घर येईपर्यंत बोलत राहिलात, लग्नांचं, वरातींचं, ग्रुप फोटोत दरवेळी डोळे मिटणाऱ्या मामाचं. मी गाडी मुद्दाम हळू चालवली.

आज काठावर एकानं विचारलं, पक्ष्यांची आवड कधीपासून? लहानपणापासून, मी म्हणाले. तुम्हाला मात्र खरं सांगते. त्या रविवारी मला पक्ष्यांचं काही पडलेलं नव्हतं. कॅमेरासुद्धा मैत्रिणीचा मागून आणला होता. तुम्हाला खुर्चीतून उठवायचं होतं, आणि दुसरं काही सुचलं नाही.