समुद्र नसलेल्या गावाची गोष्ट

प्रिय वहिनी,

आज शाळेच्या संमेलनात मुलींनी तुझ्या गोष्टीचं नाटक केलं. लोक पोट धरधरून हसले. घरी आले तेव्हापासून मनातलं बोलायला माणूस शोधते आहे. तुला सोडून कोणाला सांगू?

तू ती लिहिलीस तेव्हा स्वराज्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. खोती गेली आणि आप्पा खोतांचे आप्पा सरपंच झाले. किनाऱ्यालगतची नारळी-पोफळीची वाडी त्यांचीच राहिली. कोळीवाड्यातून बाजारात यायची पाखाडी त्या वाडीच्या कडेनं जायची. ती अरुंद वाट आप्पांना वाडीत घ्यायची होती. मधे चिऱ्याची भिंत घालायचं ठरलं, तेव्हा पंचायतीत विरोधाला एकही हात वर झाला नाही. दादाचासुद्धा नाही.

पारू कोळीण मासळी घेऊन आपल्या पडवीत बसायची, आठवतं? टोपली उतरवता उतरवता ती तुला म्हणाली होती, "वाट गेली तं आमी खाडीतून यायचं का, बाय? भरतीला छातीपावत पानी आसतं. तुमी शिकलेल्या, कायतरी लिवा."

आधी तू अर्ज लिहिलास. त्याचं उत्तर आलं नाही. मग गोष्ट लिहिलीस.

शंभर वर्षांनंतरचं एक गाव. किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उंच भिंत. समुद्र नावाची वस्तूच नसते, असं शाळेत शिकवतात. रात्री गाज ऐकू येते, तिला भिंतीचा आवाज म्हणतात. एक म्हातारी सांगते, मी समुद्र पाहिला आहे. तिला कोणी मारत नाही, कोंडत नाही. प्रेमानं औषध देतात. शेवटी ती भिंतीला जीभ लावते आणि म्हणते, "बघा, खारट आहे." लोक म्हणतात, "भिंती खारटच असतात, आजी."

मी तुला विचारलं होतं, "आप्पांचं नाव का नाही घातलंस?"

"नाव घातलं तर एकट्या त्यांची निंदा होईल, कुसुम. बाकीचं गाव सुटेल. पुढच्या काळातलं गाव दाखवलं तर प्रत्येकाला त्या भिंतीवर आपलाही हात दिसेल."

किती विश्वास होता तुझा आपल्या माणसांवर!

गणपतीत वाचनालयाच्या कार्यक्रमात तू ती वाचलीस. अध्यक्षस्थानी आप्पाच होते. 'भिंती खारटच असतात' या वाक्याला टाळ्या पडल्या. आप्पा उठले. म्हणाले, "आमच्या गावच्या सूनबाईंची कल्पना अफाट आहे. असली गावं परदेशात असतील. आपल्याकडे लोकशाही आहे." मग त्यांनी तुला शाल दिली, श्रीफळ दिलं. घरी येऊन तू शाल घडी घालून ठेवलीस आणि एवढंच म्हणालीस, "रागावले असते तर बरं झालं असतं."

दिवाळीनंतर भिंत उभी राहिली.

पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमा झाली, होड्या बाहेर पडल्या, आणि भाद्रपदातल्या उधाणात पारू खाडी ओलांडताना वाहून गेली. टोपली पैलतीराला लागली. पारू दुसऱ्या दिवशी सापडली. तू कोळीवाड्यात गेलीस, मीही बरोबर होते. तिची मुलगी गोमी रडत नव्हती. तिनं तुला सरळ विचारलं, "तुमी लिवलं व्हतं ना, बाय? मग वाट का न्हाय झाली?"

त्यानंतर तू लेखणी हातात धरली नाहीस. मी किती भांडले तुझ्याशी! आता नावं घालून लिही, म्हटलं. तू भाजी निवडत राहिलीस. "कोणासाठी लिहू?" म्हणालीस. दोन पावसाळे गेले आणि छातीच्या दुखण्यानं तू गेलीस. इतक्या लवकर हार का मानलीस, म्हणून मी पुष्कळ वर्षं तुझ्यावर रुसून होते. आज तो रुसवा गेला. त्या मंडपात तू असतीस तर काय केलं असतंस?

पुठ्ठ्याची भिंत केली होती. म्हातारीचं काम करणारी मुलगी लंगडत आली, तेव्हापासूनच हशा. आणि शेवट बदललेला! म्हातारी औषधानं बरी होते आणि गावाचे आभार मानते. मी मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अहो, मुलींना निराश कशाला करायचं?" आप्पा आता थकले आहेत. हसून हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसत ते मला म्हणाले, "तुझी वहिनी हवी होती आज."

माझ्या शेजारच्या छोट्या मुलीनं आईला विचारलं, "अशी भिंत कुठे असते का गं?" शाळेच्या मैदानातून आप्पांची भिंत समोर दिसते, वहिनी. आई म्हणाली, "गोष्ट आहे ती, बाळा."

त्या बाईला काही लपवायचं नव्हतं. तिला ती भिंत दिसतच नव्हती.

शाळेच्या अंकात गोष्ट छापणार आहेत, बदललेल्या शेवटासकट. मी नको म्हटलं. पण दादानं आधीच होकार दिला आहे. तुझा नवरा म्हणून त्याचा होकार पुरला.

गोमी आता आईची टोपली घेऊन त्याच खाडीतून येते. आप्पांच्या भिंतीला लागूनच आपली वाडी किनाऱ्यापर्यंत जाते. कुंपणालगतच्या चार पोफळी तोडल्या तर कोळीवाड्यातल्या माणसांना बाजारात यायला वाट होते. आज जेवताना मी दादाला ते बोलले. त्यानं ताटावरून मान वर केली नाही. "आप्पांशी वैर घेऊ? पुन्हा विषय काढू नकोस."

मी उद्या पुन्हा काढणार आहे. तो नाहीच म्हणेल, हे मला ठाऊक आहे. परवाही नाहीच म्हणेल. तरी या घरात आहे तोवर त्याला विचारत राहीन, एवढा शब्द तुला देते.

तुझी,
कुसुम