रोडगे कशाचे होते, आई?

आई, मी तुझ्यावर रागावले आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली, भिंतीवरचा तुझा फोटोसुद्धा उन्हाने पिवळा पडला, आणि मी इथे नंदनवन वस्तीतल्या आपल्या घरात, तुझ्याच ओट्यापाशी स्टूल ओढून बसले आहे आणि रागाने माझे कान तापलेत. कुकर लावलाय, डाळ होईपर्यंत लिहीन म्हटलं. दुसऱ्या कुणाला सांगू? बाबा नाहीत. मावशीवर चिडून काही उपयोग नाही. ती बिचारी या वयात उमरेडहून एसटीने धक्के खात माझ्या सोबतीला आली होती, आणि बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं. ते खरं तर तुझ्या तोंडून निघायला हवं होतं, याच घरात, माझी मुलगी तान्ही असताना.

मी तिसरीत होते तेव्हाची तू मला नीट आठवतेस. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचीस. केसांच्या जटा झालेल्या. मी शाळेतून आले की पलंगाच्या कडेला उभी राहायचे आणि तू माझ्याकडे बघायचीस, पण रस्त्याने जाणाऱ्या कुणाकडे बघावं तशी. बाबा खिचडी करायचे, रोज खाली लागलेली. मग एक दिवस तू घरात नव्हतीस. "उमरेडले गेली मावशीकडे. हवापालट होईन तिचा," बाबा म्हणाले. उमरेडला कोळशाच्या धुळीशिवाय कुठली हवा आहे, हे विचारण्याइतकी मी मोठी नव्हते.

परत आलीस ती दुसरीच बाई. अंघोळ केलेली, वेणी घातलेली, गालांवर थोडं मांस चढलेलं. दारातच मला जवळ ओढलंस आणि माझ्या अंगातल्या निळ्या फ्रॉकवरून हात फिरवत म्हणालीस, "हा फ्रॉक कोणं शिवला वं? चांगला बसला." मी खदखदून हसले. मला वाटलं, आई गंमत करते. तो तूच शिवला होतास ना, दिवाळीला, मापासाठी मला पुन्हा पुन्हा उभी करून. बाबा मात्र हसले नाहीत. पिशवी उचलून ते आत निघून गेले.

त्या पौषात तू मारुतीला नवसाचे रोडगे केलेस. उमरेड रोडच्या मळ्यातलं ते छोटं देऊळ, गोवऱ्या जळून पडलेला निखाऱ्यांचा आर, त्यात भाजलेले कणकेचे गोळे, फोडून तुपात बुडवलेले, मोठ्या गंजात रटरटणारी वांग्याची भाजी. अख्खी गल्ली जेवायला. शेजारणी विचारायच्या, इतकी पडून होतीस, काय केलंस गं? आणि तू पदराला हात पुसत सांगायचीस, "मारुतीनं उठवलं मले. डॉक्टर-फॉक्टर काही नाही." पुढे दर वर्षी रोडगे, आणि दर वर्षी तेच वाक्य. मला ते इतकं पाठ झालं होतं की तू श्वास घेतलास की मी मनात सुरू करायचे.

मग माझी वेळ आली. मुलगी झाली. बाळंतपणाला मी तुझ्याकडेच होते, आणि सव्वा महिना उलटला तरी उठेना. बाळ रडायचं ते मला दुसऱ्या कुणाच्या घरातलं वाटायचं. मरून गेलेलं बरं, असं मी एकदा तुला म्हणाले तेव्हा तू माझ्या तोंडावर हात ठेवलास आणि किती तरी वेळ काढलाच नाहीस. गोळ्यांनी फरक पडेना. धंतोलीतल्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी आपल्या सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, विजेचा उपचार करू, आता भूल देऊन करतात, त्रास होत नाही, लवकर उठेल पोरगी. आमचे हे तयार होते. तूच खुर्चीवरून उठलीस. "माझ्या पोरीले करंट नाही द्याचा," म्हणालीस. "ती काही पागल नाही. आम्ही मारुतीले रोडगे बोललो आहो, होईन बरी." बाबा खाली बघत बसले होते. मी कोपऱ्यातल्या बाकावर ऐकत होते, आणि आई, त्या तसल्या अवस्थेतही मला तुझा अभिमान वाटला. वाटलं, माझी आई माझ्यासाठी भांडते आहे.

मी उठले, पण फार उशिरा, आणि पुरती कधीच नाही. मुलगी पहिल्यांदा चालली ती तुझ्याकडे चालली. मी त्याच खोलीत होते, डोळे उघडे होते, तरी मला ते आठवत नाही. शाळेतली नोकरी सुटली. थोडी वर्षं बरी जायची आणि पुन्हा ते यायचं, आणि आलं की घरात रोडग्यांची तयारी सुरू व्हायची. तू गेल्यावरही मी करत राहिले. तुझ्यासारखे शनिवार धरले, निरंकार राहिले. तू एका नवसात उठलीस आणि मी दर वेळी पडते, म्हणजे माझ्याच भक्तीत खोट असणार, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. शेवटी रोडगे बंद केले ते विश्वास उडाला म्हणून नाही, मारुतीला तोंड दाखवायची लाज वाटायला लागली म्हणून. प्रत्येक नव्या डॉक्टरने मला विचारलं, घरात कुणाला असा त्रास होता का, त्यांना कशाने बरं वाटलं? मी प्रत्येकाला ठासून सांगितलं, आमच्याकडे कुणालाच नाही; तुझं ते पडून राहणं नुसता अशक्तपणा होता, असंच तू मला सांगत आली होतीस.

या दिवाळीनंतर पुन्हा आडवी झाले. नव्या डॉक्टरीणबाईंनी दोन वाटा सांगितल्या. एक तीच, भूल देऊन विजेची. दुसरी चुंबकाची. खुर्चीत जागेपणी बसायचं, डोक्याला डाव्या बाजूने एक जाडजूड कडं टेकवतात आणि ते टकटक ठोके देत राहतं, रोज जायचं, काही आठवडे. विजेचं नाव काढताच मी नको म्हणाले. मी चुंबक घेतलं. बाई म्हणाल्या, याने नाही भागलं तर तेही करू, त्यात भिण्यासारखं काही नाही. मी मान हलवली, आणि मनात म्हणाले, माझी आई असती तर तुम्हाला सरळ केलं असतं.

पहिल्या दिवशी यांना सुट्टी मिळेना, म्हणून मावशी आली. तिला आत बसू दिलं. ठोक्याची जागा शोधताना माझा उजवा अंगठा आपोआप टुणकन उडाला, आणि मलाच हसू आलं. मग ते सुरू झालं. दुखतं थोडं, कुणी टिचक्या मारत बसल्यासारखं. दातही कडकडतात. पण मी मशीनवालीशी बोलत होते, पाणी मागत होते. मावशी बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "असं बसल्या बसल्या?" ती म्हणाली. "बोलून राहिली ही तं. तिले चौघांनी धरलं होतं वं."

बाहेर आल्यावर टपरीवर चहा घेताना मी विचारलं, "कोणाले धरलं होतं, मावशी?"

"तुझ्या मायले. अजून कोणाले?" आणि मग माझं तोंड पाहून तिचा ग्लास तसाच राहिला. "माय वं! तुले माहीत नव्हतं?"

तू उमरेडला गेलीच नव्हतीस. इथेच होतीस, शहरातच, घरापासून रिक्षाने जाता येईल अशा एका दवाखान्यात. त्या दवाखान्यात तेव्हा भूल वगैरे देत नसत. तोंडात कापडाचा बोळा द्यायचे, हात-पाय धरायचे. मावशी दाराबाहेर कानांवर हात ठेवून बसायची. "पण लागू पडलं वं तिले," मावशी म्हणाली. "चार-पाच बाऱ्या झाल्या अन् एका सकाळी आपणहून म्हणे, मले भूक लागली. मी तिथंच रडली." थोडं विसरायला व्हायचं, म्हणाली, मधलं मधलं. मला निळा फ्रॉक आठवला. इतकी वर्षं मी तो गंमत म्हणून सांगत आले होते.

"अन् रोडगे?" मी विचारलं.

"रोडगे तं कराचेच होते. लोकायले काहीतरी सांगा लागते ना."

"मंग मले काहून नाही देऊ दिले करंट? डॉक्टर म्हणत होते तं."

मावशीने गार झालेला चहा टपरीच्या कडेला ओतून दिला. "तिले वाटलं, तुलेही चौघं धरतीन. अन् तुले सासरी पाठवाचं होतं बापा. करंट दिलेली पोट्टी म्हणून वापस आणून सोडली असती तं?"

तेव्हापासून मी तुझ्याशी भांडते आहे. धरणाऱ्या हातांची भीती मी समजू शकते. एकदा टीव्हीवर सिनेमात कुणाला तरी शॉक देत होते आणि तू ताडकन उठून बटन बंद केलंस, "काय घाण पाहून राहिले" म्हणून ओरडलीस, ते आता कळतं. पण भूल देतात हे डॉक्टरांनी तुझ्या तोंडावर सांगितलं होतं. आणि सासरचं म्हणशील तर ज्याच्याकडे मला पाठवायचं होतं तो नवरा शेजारीच बसून मान हलवत होता. मला फसवल्यासारखं वाटतं ते त्या एका 'नाही'मुळे नाही. तू ज्या दाराने बाहेर आलीस त्याला कुलूप लावलंस, किल्ली कमरेला खोचलीस, आणि मला सांगितलंस की इथे दार नव्हतंच, भिंतीला डोकं टेक, ती आपोआप उघडेल. वीस-पंचवीस वर्षं मी डोकं टेकत होते. तू एकदा, नुसतं एकदा, रात्री माझ्या उशाशी बसून म्हणाली असतीस की मलेही झालं होतं, तर कशाने बरी झालीस, हे मी विचारलंही नसतं. मला फक्त कळलं असतं की यातून उठलेलं माणूस माझ्याच घरात आहे. तू रोज माझ्यासमोर वांगी चिरत होतीस आणि मी स्वतःला या खानदानातली पहिली वेडी समजत होते. हे मी तुला माफ केलेलं नाही.

चुंबकाने बरं वाटतंय, हे सांगायला हवं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मला फोडणीचा वास आला. वास येत नव्हता हेच मला माहीत नव्हतं. पूर्ण बरी झाले असं नाही, अजून काही दुपारी जड जातात, पण वेणी रोज घालते. डॉक्टरीणबाईंना मी आता तुझं सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, मुलगी कुठे असते? मी म्हणाले, पुण्याला, आणि बाळंतपणाला माझ्याकडे येते आहे, सातवा लागलाय. तेव्हा पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या, मग तिला आत्ताच सांगा, आईला होतं, आजीलाही होतं. म्हणजे तिच्यावर लक्ष ठेवता येईल, आणि काही झालंच तर वेळ जाणार नाही.

तिला लहानपणापासून आम्ही एवढंच सांगितलंय की आईला अशक्तपणा आहे. हा शब्दही तुझाच. आणि सध्या तिला वाटतं की मी मानेला शेक घ्यायला जाते.

येत्या शनिवारी ती येते आहे, आणि मी रोडगे ठरवलेत, त्याच देवळापाशी. का ठरवले ते मला नीट सांगता येणार नाही. मारुतीने माझं काही वाकडं केलेलं नाही, त्याचं नाव तू पुढे केलंस. मला एकदा त्याच जागी, त्याच आरापाशी, कुणी विचारलं तर खरं उत्तर द्यायचं आहे. निदान असं मी ठरवलं होतं.

काल तिचा फोन आला. "आई, रोडगे? तू तर बंद केले होतेस ना. कशाचे गं?"

आणि मी म्हणाले, "मान बरी झाली ना माझी. मारुतीने ऐकलं."

एका दमात म्हणाले. फोन ठेवल्यावर बघते तर माझे हात ओढणीला पुसले जात होते, कोरडेच हात. मी लगेच तिला परत फोन लावला. "काय गं आई?" ती म्हणाली. मागे तिच्या ऑफिसातलं कुणीतरी हसत होतं. मी तोंड उघडलं, आणि विचारलं, "तुला वांग्याची भाजी तिखट चालेल ना गं, या दिवसांत?"

कुकर केव्हाच गार झालाय. आई, मलाही काल जमलं नाही. शनिवारी आर पडला की सांगेन म्हणते. तूही दर वर्षी, आर पडेपर्यंत, असंच म्हणत असशील.