फोनने टिपलेलं ‘इथे’

ती. बाबा,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. पण आज संताप आवरत नाही. नर्सिंगच्या वर्गात आता बाईंचं बोलणं ऐकून टिपणं फोनच काढतो. बाई मनगटावर नाडी कशी बघायची ते सांगत होत्या, मी वहीत हाताचं चित्र काढून नाडीच्या जागी खूण करत होते. वर्गात मीच वयाने मोठी, तर म्हणाल्या, "मावशी, वही आत ठेवा, वर्ग खोळंबतो." पोरी फिदीफिदी हसल्या.

हाताने लिहिल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नाही. उद्या परीक्षा, नापास झाले तर परत पाठवतील!

आईचा गुडघा कसा आहे? तिला यातलं काही सांगू नका.

आत्ताच त्या पोरी खोलीवर येऊन गेल्या. त्यांच्या फोनने नुसतं लिहिलंय, "इथे दाबा." इथे म्हणजे कुठे? दाखवलं मी. पण आधी प्रत्येकीला कागदावर हाताचं चित्र काढायला लावलं.

तुमची हट्टी,
थोरली