एक हात खोल जाळी

आई, पिंपळीत ताईच्या घरामागचा ऊस काल तुटला आणि तिची एकही कोंबडी गेली नाही. एकही नाही. नऊ पिल्लं, त्यांची आई, बाकीच्या सहा आणि तो माजलेला कोंबडा, सगळे आत्ता माझ्यासमोर राखेत लोळतायत. तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून भाचीच्या वहीतलं पान फाडून बसलोय. अक्षराला हसू नकोस. नववी सुटल्यापासून पेन धरला तो फक्त सहीपुरता.

आलो होतो चार दिवसांसाठी. तू गेल्यापासून मी कुठं धड टिकलोच नाही. भिगवणला मासळीच्या गाड्या भरल्या, डाळिंबाच्या बागा छाटल्या, पिकावर सावलीचं शेडनेट उभारणाऱ्यांबरोबर पार कर्नाटकात जाऊन आलो. हितं आलो तर ताई कोंबड्या मोजत उभी, आणि रोज एक कमी भरत होती. मुंगूस. दाजींना तू बघितलंच नाहीस, ताईचं लग्न तुझ्यामागं झालं. माणूस चांगला, पण खुराडं बांधलं होतं उसाला चिकटून, गार सावली मिळते म्हणून. म्हणजे मुंगसाच्या दारातच ताट वाढून ठेवलेलं. मी म्हटलं, नवं मी बांधून देतो, चांगलं मोठं, कोंबड्यांना दिवसभर फिरता येईल असं. दाजी खो खो हसले. "पाव्हणं, तुमी? तुमी जेवताना अर्ध्यातनं उठून ट्रॅक्टर बघाया जाता." ताई हसली नाही. चुलीमागं पाटीत भुसा घालून तिनं एक कोंबडी अंड्यांवर बसवली होती, तिच्याकडं बोट करून म्हणाली, "ही उठायच्या आत झालं पायजे. आन् टोळी येऊन ऊस तुटाया लागला की आतलं समदं जनावर आपल्याच अंगणात येतंय. मागल्या साली आठ गेल्या."

ती पाटी बघितली आणि मला शेळगावचं आपलं स्वयंपाकघर दिसलं. तू भाकरी थापतेयस, तुझ्यामागं पाटीत ठिपक्यांची कोंबडी बसलीय, आणि मी तिसऱ्यांदा बाहेर पळून परत आलोय. "एकवीस दिस बसती ती एका जागी," तू म्हणतेस, हात थांबत नाहीत, "आन् तुला एका भाकरीपुरतं बसवत न्हाय." तीच कोंबडी पुढं पिल्लं निघून आठवडा व्हायच्या आत मुंगसानं नेली, भर दुपारी. खुराड्याची कडी उघडी राहिली होती. कुणी ठेवली, तू विचारलंस. मी म्हटलं, ताईनं. ताई काहीच बोलली नाही. तू तिला एवढं बोललीस की दोन दिवस जेवताना तिची मान वर आली नाही. आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून तू म्हणालीस, "ह्यो भटकतो, पर खोटं बोलत न्हाय माझा." तुझी तेवढी एकच शाबासकी माझ्यापाशी आहे. जिथं गेलो तिथं ती बरोबर नेली.

तर पिंजरा. आधी जागा बदलली. उसापासून लांब, शेवग्याखाली, स्वयंपाकघराच्या दारातनं दिसेल अशी. शेडनेटचे मोडके पाइप एकाच्या बांधावर पडले होते, ते मागून आणले. जाळी आणायला बारामतीला गेलो, आणि तिथं नेमका शेळ्यांचा बाजार भरलेला. एका काळ्या बोकडाचा सौदा बघत दुपारपर्यंत उभा राहिलो. बोकड माझा नाही, सौदा माझा नाही. तोवर दुकान जेवायला बंद. घरी आलो तो हातात घुंगरांची माळ. दाजी ती उलटीपालटी करून म्हणाले, "जाळीला भोकं लय मोठी हायत की ओ!"

दुसऱ्या दिवशी जाळी आणली, षटकोनी भोकांची, सगळे आणतात ती. ताईनं भोकातनं तीन बोटं घातली आणि ताणून दाखवलं. "पिल्लू हितनं भायेर, मुंगूस हितनं आत." परत गेलो, बदलून आणली, करंगळी जेमतेम जाईल अशी, चौकोनी, वेल्डिंगची. पण खरं काम जमिनीखाली होतं. मुंगूस बुडाशी येऊन उकरतं. म्हणून चारी बाजूंनी एक हात खोल चर खणला, जाळी त्यात सोडली, तळाशी बाहेरच्या अंगाला दुमडली आणि वर दगडमाती लोटली. हे कुणी शिकवलं नाही. शेडनेटचा कपडा वाऱ्यानं उचलू नये म्हणून आम्ही असाच गाडायचो. बघ, भटकलेलं सगळंच काही वाया जात नाही. वर घारीसाठी दाजींच्या पेरूच्या बागेतली जाळी, अर्ध्या भागावर पत्रा, आत बसायला दांड्या, कोपऱ्यात राख. दाराला दोन कड्या, एक वर, एक खाली. आणि दारावर ती माळ. कडी नीट लागली नसली की दार हलतं आणि घुंगरू वाजतं.

चर खणताना दोनदा बॅग उचलली होती मी. भिगवणहून फोन आला होता, गाडीवर माणूस कमी पडला म्हणून. बॅग घेऊन चुलीपाशी ताईला सांगायला गेलो, तर पाटीतल्या कोंबडीनं मान वाकडी करून एका डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. हुबेहूब तू. बॅग ठेवली. पिल्लं निघाली त्या सकाळी मी खालची कडी बसवत होतो.

मग टोळी आली. ऊस दोन्हीकडनं तुटत आला की आतली जनावरं मधल्या पट्ट्यात गोळा होतात. काल दुपारी एवढासा तुकडा उरला, आणि आम्ही तिघं ओट्यावर बसून बघतोय. एकदम खसपस झाली. ससा पळाला, त्यामागं दोन मुंगसं, शेपट्या फुगवून सरळ पिंजऱ्याकडं. कोंबडीनं पिल्लं पंखाखाली घेतली. ताईनं माझं मनगट धरलं. मोठं मुंगूस बुडाशी उकरायला लागलं, माती उडाली, मग नखं जाळीवर घासल्याचा आवाज. थांबलं. जरा सरकून परत उकरलं. परत जाळी. मग दारापाशी गेलं, मागच्या पायांवर उभं राहिलं आणि दार ढकललं.

घुंगरू वाजलं नाही.

दोन्ही मुंगसं चारी बाजूंनी फिरली आणि ओढ्याकडं चालती झाली. दाजी कुस्ती मारल्यासारखे ओरडले, "न्हाय वाजलं! पाव्हणं, न्हाय वाजलं!" टोळीतली एक बाई मोळी टाकून बघत होती. "कुणी केलाय ओ पिंजरा? माझ्याबी कोंबड्या हायत गावाकडं." तर ताई, सगळ्या रानाला ऐकू जाईल अशी, "माझ्या भावानं!" मग मी त्या बाईला चर कुठवर घ्यायचा ते हातानं मोजून दाखवलं, जाळी कशी दुमडायची तेही. बाई "व्हय, व्हय" करत होती आणि मी गुरुजींसारखा बोलत होतो. दाजी मागं उभे राहून स्वतःच्या हातावर तेच माप घेत होते. आई, एवढा ताठ मी आजवर कधी उभा राहिलो नव्हतो.

पण ताई "माझ्या भावानं" म्हणाली तेव्हा तुझी ती शाबासकी टोचली. शेळगावची कडी ताईनं उघडी ठेवली नव्हती. दाणे टाकायला मी गेलो होतो. रस्त्यानं बोअरची गाडी चालली होती, मी तिच्यामागं पळालो. तुला सांगायचं राहिलं, आणि तू गेलीस.

हे पान कुठं जाणार नाही, खिशातच राहणार. आणि खरं सांगतो, तुला लिहायला बसलो ते सोपं म्हणून. तू आता बोलणार नाहीस. ताई बोलेल, आणि तिनं बोलावंच. आत्ता घुंगरू वाजलं, ती दाणे घेऊन आत गेलीय. बाहेर येऊन दोन्ही कड्या लावेपर्यंत मी तिच्यापाशी पोचतो.