तेवढी रांग सोडा म्हणावं

रविवार, २३ नोव्हेंबर. आज पाण्याचा दिवस. सकाळी नळ आला नाही, म्हणून कुणी बाहेर पडलं नाही. नाश्त्याला चुरमुऱ्यांचा सुशीला केला. दहा वाजता नातीनं टीव्ही लावला. जेवणं झाल्यावर मुलगा, सून आणि नात नव्या पेठेत गेले, नातीला शाळेचे पांढरे बूट घ्यायचे आहेत. तीनला नळ आला. मोठं पिंप भरलं, आता छोटं लावलंय. ते भरेपर्यंत स्वयंपाकघरात बसून लिहिते.

आप्पा, तुम्ही जाऊन सव्वीस वर्षं झाली. पत्र लिहिण्यासारखं आपल्यात कधी काही नव्हतं. लग्नानंतर मी सोलापुरात आणि तुम्ही गावी होता, तेव्हासुद्धा पत्रं आईच्या नावानं यायची आणि खाली तुमची सही असायची. आज लिहायला बसले ते एका कार्टूनमुळं. हे तुम्हाला सांगायलाही मला संकोच वाटतो.

नातीला तुम्ही पाहिलेलं नाही. नऊ वर्षांची आहे. दर रविवारी ती एक कार्टून बघते, त्यात बहुतेक सगळे प्राणीच आहेत. एक खोकड त्यांचा म्होरक्या आहे, चष्मा लावलेलं एक कासव आहे, एक घाबरट ससा आहे आणि एक टिटवी आहे, ती सारखी ओरडते. हे सगळे मिळून पर्यावरणाचं रक्षण करतात. कधी कुणी ओढ्यात रंगाचं पाणी सोडतं, कधी कुणी गवताला काडी लावतं, कधी गाईच्या पोटात प्लास्टिक जातं. वीस मिनिटांत ते सगळं निस्तरतात आणि शेवटी गाणं म्हणतात. मी भाजी निवडत शेजारी बसते. खरं सांगायचं तर मलाही ते आवडायला लागलंय.

आजच्या भागात एक माळ दाखवला. आपल्यासारखाच, गुडघ्याएवढं गवत आणि मध्ये मध्ये खडक. तिथं एक माणूस येतो. पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी, मागं गाडाभर रोपं. मी लगेच नातीला म्हटलं, "बघ, तुझे पणजोबा आले." आपल्या भिंतीवरच्या फोटोत तुम्ही तसेच आहात ना, टोपी आणि शिट्टी. ती खूश झाली. आणि तेवढ्यात ते खोकड घाबरून किंचाळलं, "झाडं! पळा, पळा, झाडं आणली!" माझा हात भाजीतच राहिला. आजचं संकट म्हणजे तो माणूस होता. तो खड्डे खणतो, ससा ते बुजवतो, शेवटी तो आपल्याच खड्ड्यात पडतो. नात पोट धरून हसली. मग टिटवी त्याला समजावते, की या माळावरचे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, झाडं आली की कावळे वर बसून टपून राहतात, सावलीत गवत मरतं, हा माळ ओसाड नाही, हे आमचं घर आहे. तो माणूस डोकं खाजवतो. म्हणतो, "अरेच्चा, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." आणि रोपं घेऊन रस्त्याच्या कडेला लावायला निघून जातो. अर्ध्या मिनिटात त्याला पटलं.

गाणं संपल्यावर नातीनं माझ्याकडं बघितलं. "आज्जी, मग पणजोबा वाईट होते का गं?"

मी म्हटलं, "छे."

"पण त्यांनीपण माळावरच लावली होती ना झाडं? त्यांना कुणी सांगितलं नाही का, टिटवीसारखं?"

मुलगा पेपर वाचत होता. पेपरातून तोंड न काढता तो म्हणाला, "सांगितलं होतं की. एक धनगर होता, त्यानं सांगितलं होतं. आजोबा हसले त्याला. लई हट्टी होते म्हणे." त्यानं हे तुमच्या तेराव्याला गावात ऐकलं होतं. गावात सगळ्यांना ते माहीत आहे.

उद्या नातीला परिपाठात दोन मिनिटं बोलायचंय. बाईंनी विषय दिलाय, आमच्या घरातला पर्यावरणरक्षक. आठ दिवस ती तुमच्यावर बोलायची तयारी करत होती. आता रडायच्या घाईला आली. सून म्हणाली, "घरातलं दुसरं कुणीतरी घे की." तर म्हणते, "दुसरं कोण आहे? आज्जी आहे, पण आज्जीनं काय केलंय?" सगळे हसले. मीही हसले.

मग तिनं वही काढली आणि पेन्सिलीनं लिहून मला दाखवलं. 'माझे पणजोबा गुरुजी होते. त्यांनी माळावर खूप झाडे लावली. एका धनगराने त्यांना सांगितले, इथे पक्षी अंडी घालतात. पणजोबा हसले.' पुढं काय लिहायचं ते तिला सुचत नव्हतं. "हे खरंय ना, आज्जी? नक्की सांग की. शाळेत खोटं नको बोलायला."

मी म्हटलं, बूट घेऊन या, मग सांगते.

तुम्हाला ती डब्याची झारी आठवते का? त्या आठवड्यात तुम्ही मला सगळ्या शाळेसमोर उभं केलं होतं. माझ्या रांगेतली दोन सुबाभळीची रोपं वाळली होती. मी सांगितलं शेळ्यांनी खाल्ली. खरं तर विहिरीवरून येताना ठेचकाळून माझी घागर सांडली होती आणि परत जायचा कंटाळा केला होता. तुम्हाला ते बघताक्षणी कळलं. "झाडाला तोंड नाही म्हणून त्याच्या नावावर खोटं खपवतेस का?" तुम्ही मारलं नाही. पण मी चुकून "आप्पा" म्हणाले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "हितं मी तुझा आप्पा नाही." पोरं हसली. त्याच संध्याकाळी तुम्ही चिखलाच्या पायांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलाय, वनस्पती तुपाचा रिकामा डबा मांडीवर उलटा धरलाय आणि खिळ्यानं त्याच्या बुडाला भोकं पाडताय. आई भाकरी थापतेय आणि तिचं तोंड चालू आहे. "गावाच्या पोरांकडनं माळाला पाणी घालून घेता. घरातली घागर कोण भरायची ते पण शिट्टी वाजवून सांगा एकदा." तुम्ही हसला नाही, आप्पा. तुम्ही फार क्वचित हसायचा. डब्याला तारेची मूठ लावून तुम्ही तो माझ्या हातात दिला आणि म्हणालात, "नवी रांग तुझी. आता मी बघायला येणार नाही." एवढा मोठा विश्वास माझ्यावर आधी कुणी टाकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी झारी घेऊन एकटीच ती नवी रांग बघायला गेले. पाऊस होऊन गेलाय, माती मऊ आहे, चुन्याच्या खुणा केल्यात पण खड्डे अजून खणलेले नाहीत. पलीकडं त्या म्हाताऱ्या धनगराची मेंढरं आहेत. तो दुधनीकडचा, कानडी घरातला, आपल्याशी मोडकं मराठी बोलायचा. त्यानं काठी उंच करून मला थांबवलं. "पोरी, पुडं जाऊ नगंस. हितनंच बग." मी बघितलं तर चुन्याच्या दोन खुणांच्या मधे, उघड्या जमिनीवर, एक अंडं. कोंबडीच्या अंड्यापेक्षा मोठं, मातकट हिरवं, वर तपकिरी डाग. खाली काडी नाही, गवत नाही. दूर गवतात माळढोकाची उंच मान हलत होती. "हूम हाय त्यो. वर्साला येकच घालतंय. झाड दिसलं तर त्यो फिरून येत न्हाय." मग तो म्हणाला, "गुरुजींस्नी सांग. तेवढी रांग सोडा म्हणावं. पल्याड लई जागा हाय की."

मी मान हलवली.

आणि सांगितलं नाही. चार वाजल्यापासून दिवे लागेपर्यंत तुमच्या मागं मागं हिंडले. तुम्ही विचारलंसुद्धा, "काय गं, काय पाहिजे?" मला वाटत होतं, मी तोंड उघडलं की तुम्ही म्हणणार, काल शेळ्या, आज पक्षी. तुम्ही झारी परत घ्याल असं वाटत होतं. मी म्हटलं, काही नाही.

सकाळी शिट्टी वाजली आणि सगळी शाळा माळावर आली. खड्डा अंड्यापासून हातभर अंतरावर पडला. मी मधे उभी राहून कुणाचा पाय तिकडं पडू दिला नाही, एवढंच केलं. तालुक्याचे पाहुणे आले, फोटो निघाला. भिंतीवरचा फोटो तोच. डावीकडून तिसरी मी आहे, माझ्या हातात झारी आहे आणि मी खाली बघतेय. नातीला वाटतं मी लाजतेय. तीन दिवस अंडं तसंच होतं. चौथ्या दिवशी त्याला मुंग्या लागल्या होत्या.

आता तुमच्या झाडांचं काय म्हणायचं ते मला कळत नाही. मागं अक्कलकोटला दर्शनाला गेले होते, येताना गावी उतरले. माळ राहिलेला नाही, नुसतं सुबाभळीचं रान झालंय. सरपण वेचणाऱ्या एका बाईनं मला ओळखलं नाही, पण म्हणाली, "गुरुजींची झाडं हायती, त्येंच्यामुळं चूल पेटती आमची." मला बरं वाटलं. मग मी तासभर थांबले आणि एकही चंडोल ऐकू आला नाही, तेव्हा कसंतरी झालं. एकाच ठिकाणी उभी राहून मला दोन्ही वाटत होतं. तुम्ही चांगलं केलं का वाईट, हे सांगणारं माणूस मी नव्हे. कदाचित एक रांग सोडून काही झालं नसतं, पुढच्या वर्षी ती लागलीच असती. कदाचित तुम्ही तिथं बसून ते अंडं बघितलं असतं आणि सगळ्या शाळेला बघायला लावलं असतं. तुम्ही कसे वागला असता याचा मी किती वर्षं अंदाज करतेय आणि दर वेळी उत्तर वेगळं येतं. आपल्या बापाबद्दल माणसाला एवढं तरी माहीत असायला हवं होतं.

दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तुम्ही एकदम विचारलं होतं, "तो धनगर आठवतो का गं? रोज रामराम घालायचा. एकदम बोलायचा बंद झाला, मेंढरं घेऊन निघूनच गेला. मी काय बिघडवलं होतं त्याचं?" मी तुम्हाला चमच्यानं पाणी पाजलं. तुम्ही ते प्यायलात आणि परत विचारलं नाही.

तर ते सांगते. अंड्याला मुंग्या लागल्या त्या दिवशी तो रस्त्यात भेटला. म्हणाला, "सांगितलंस का गं गुरुजींस्नी?" मी म्हटलं, "व्हय." "मग काय म्हनले?" मी दहा वर्षांची होते, आप्पा, आणि माझ्या हातात झारी होती. मी म्हटलं, "हसले." "हौदा?" म्हणाला तो, म्हणजे असं का. "हसले?" मी परत म्हटलं, "व्हय, हसले." त्यानं काठी खांद्यावर टाकली आणि तो मेंढरांमागं गेला. गावात जे सगळ्यांना माहीत आहे, ते एवढंच आहे. ते मी सांगितलेलं आहे.

छोटं पिंप भरलं, नळ बंद करून आले. नातीची वही अजून टेबलावर उघडी आहे. मी तिच्या कंपासपेटीतलं खोडरबर घेतलं आणि शेवटचं वाक्य खोडलं. तिनं पेन्सिल फार दाबून लिहिलंय, उजेडाकडं धरलं तर 'हसले' अजून वाचता येतं. परत एकदा खोडलं. मग खोडरबराचा चुरा हातानं गोळा करून खिडकीबाहेर टाकला.