खुर्चीमागची भिंत

चि. बेबीस,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. मी इकडे सुखरूप आहे, गुडघाही कुरकुरत नाही. तुझी पाठ कशी आहे?

लेकाचं नवं घर छान आहे. सगळं पांढरं नि राखाडी. कपाटांना हँडल नाहीत, दाबलं की उघडतात. काल मी ओट्याला टेकून उभी राहिले, तर पाठीमागून केराचा डबाच बाहेर आला.

फळीवर पुस्तकं पाठमोरी लावलीत, नावाची बाजू भिंतीकडे. मी म्हटलं, "अगं, मग हवं ते सापडतं कसं?" सूनबाई म्हणाली, "आई, नाना रंग दिसले की डोळ्यांना गर्दी होते." आता मी हाताला लागेल ते ओढते. परवा मोटारीच्या इंजिनाचं निघालं. तेही वाचलं.

पोरगी मनाने चांगली आहे. माझ्याआधी चहा घेत नाही.

आता कामाचं. मी परतायच्या आत लेक आपलं तिकडचं घर रंगवून घेणार आहे. त्याची हौस मोडवेना, म्हणून हो म्हणाले. पेंटर तुझ्याकडे किल्ली मागायला येईल. बाकी सगळं रंगवू दे, फक्त ह्यांच्या खुर्चीमागची भिंत सोडून. त्यांच्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे ना तिथे. ओल आहे, रंग धरणार नाही, असं ठोकून दे. खुर्चीही हलवू देऊ नकोस.

सूनबाई म्हणते, घर मोकळं दिसायला हवं. माझं पुरेसं मोकळं झालंय.

तुझ्या यजमानांना नमस्कार, नातीला पापा.

तुझी,
ताई